बहात्तराचे सहा

बल्लारपुरातल्या एका सुतार घराण्यात दोन आकड्यांचे वैर होते. थोरल्या घरात ‘सहा’ म्हणत, धाकट्या घरात ‘बहात्तर’. अंगण एक, विहीर एक, पण मध्ये बांबूच्या ताट्यांचे कुंपण. लग्नकार्याच्या अक्षता इकडून तिकडे जात, माणसे जात नसत. धाकट्या घरातल्या पोरांना कळू लागले की त्यांना हीच गोष्ट ऐकवली जाई : आपल्या आजोबांचा हिस्सा बहात्तर होता, थोरल्यांनी त्याचे सहा केले.

हे बहात्तर कशातले आणि ते सहा कशातले, एवढे मात्र कोणी विचारत नसे.

मूळ व्यवहार १९५५ चा. तेव्हा जिल्ह्याचे नाव चांदा होते आणि जिल्हा मध्य प्रदेशात होता. पेपर मिलची कंपनी स्थापन होऊन दहा वर्षे झाली होती. बांबू, सागवान आणि कोळसा या तिघांच्याही वाटा वर्धा नदीकाठच्या या गावात येऊन मिळत. दिल्ली-मद्रास लोहमार्गावरचे स्टेशन असल्याने इथले लाकूड देशात कुठेही पोचे. तो लौकिक अजून टिकून आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते बल्लारपूरच्याच डेपोतून. अशा गावात सुताराला काम कमी पडत नाही. दोघा सख्ख्या भावांनी मिळून एक जागा घेतली, तिच्यावर छपरी टाकली आणि आरा लावला. आरा हाताने ओढायचा, एकाने ओंडक्यावर उभे राहून, दुसऱ्याने खालच्या खड्ड्यात. जागेच्या किमतीत थोरल्याने रुपयामागे दहा आणे घातले, धाकट्याने सहा आणे. वाद नव्हता, शंका नव्हती. पुढच्यांना कळावे म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक कागद करून ठेवला.

कागद दोन हातांनी लिहिले गेले आणि घोळ तिथेच झाला.

थोरल्याचा कागद एका वखारीच्या दिवाणजीने लिहिला. त्याने जुन्या रीतीप्रमाणे आकडा न घालता रेघा मारल्या : एक उभी, तिच्याशेजारी दोन आडव्या. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. आडवी म्हणजे एकेक आणा. चार आणि दोन, सहा आणे. धाकट्याचा कागद लिहिणारा माणूस जमिनीच्या दप्तरात हिस्से आणे-पैत लिहायला सरावलेला होता. त्याने सगळे पैत उतरवले : एकूण १९२ पै, त्यांपैकी धाकट्याचे ७२. कागदाची घडी नेमकी वरच्या ओळीवर पडली. उघडता-मिटता ती ओळ झिजली, १९२ गेले. खाली ‘७२ पै’ तेवढे शिल्लक राहिले.

दोन वर्षांत, १ एप्रिल १९५७ ला, सरकारने दशमान नाणी आणली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणे काही काळ तोंडात राहिले, पै तोंडातूनही गेली. ज्या पिढीने पै पाहिलीच नाही, तिने तो कागद उघडला आणि बहात्तरच्या खाली मनानेच शंभर लिहिले. शंभरातले बहात्तर! म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश मिळकत आपली, आणि थोरले आपल्याला सहा आण्यांवर गप्प बसवतात. आता या लोकांना लबाड कोण म्हणेल? कागद खरा होता, त्यांचे वाचणेही प्रामाणिक होते. हरवला होता तो फक्त छेद, आणि छेद नसलेल्या अंशाला हवा तो अर्थ चिकटतो.

जागेच्या पुढच्या बाजूला एक खोली होती, ती भाड्याने दिलेली. भाडे थोरल्या घरातला माणूस गोळा करी, हिशेब लिही आणि धाकट्याच्या वाट्याचे पैसे कुंपणावरून पोचते करी. धाकटा पैसे घेई आणि दर वेळी म्हणे, “हे बहात्तर नाहीत.” थोरला म्हणे, “सहाच आहेत.” एवढेच त्यांचे बोलणे. या दोघांचे आजे सख्खे भाऊ, तेव्हा हे नात्याने चुलत-चुलतभाऊ. धाकटा थोरल्याला दादा म्हणे, थोरला धाकट्याला बापू.

पुढे ती जागा विकायची वेळ आली. गिऱ्हाईक चांगले मिळाले, सही दोघांनीही केली, कारण पैशाची गरज दोघांनाही होती. आले आठ लाख ऐंशी हजार. आता वाटणी. साक्षीला बोलावले म्हाताऱ्या मिस्त्रीला.

हा मिस्त्री १९५५ साली त्याच आऱ्याखालचा भुसा भरणारा पोरगा होता. शाळा थोडीच झालेली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळी तोंडपाठ. जुन्या हिशेबाने ओंडक्याचे घनफूट काढायचे तर गोलाईची चौथाई घ्यायची, तिला तिनेच गुणायचे, मग लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे. गोलाई ४८ इंच, लांबी १० फूट असा ओंडका आला की मिस्त्री कागदाला हातही लावत नसे. चौथाई बारा, बारा बारे एकशे चव्वेचाळीस, भागायचे तेही एकशे चव्वेचाळीसने. वरचे-खालचे उडाले, राहिले दहा घनफूट. गिऱ्हाइकाने पेन्सिल काढेपर्यंत तो दुसऱ्या ओंडक्याकडे वळलेला असे. कुठे काय उडते हे आधी पाहायचे आणि मगच गुणाकाराला हात घालायचा, ही त्याची आयुष्यभराची रीत.

बैठक छपरीत बसली. धाकट्याची सहावीतली मुलगी वही घेऊन कोपऱ्यात गणिते सोडवत होती. अपूर्णांकांना अतिसंक्षिप्त रूप द्या, असा तो स्वाध्याय. धाकट्याने पाकिटातून कागद काढून मिस्त्रीपुढे ठेवला.

“वाचा आबाजी. बहात्तर आहे का नाई?”

मिस्त्रीने कागद उजेडात धरला, डोळ्याजवळ आणला, पुन्हा लांब नेला.

“बहात्तर आहे. पण बापू, पुढे ‘पै’ लिहिलं आहे.”

“तेच ते. पैसे.”

“पैसे नोहे. पै. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. आता सांग, रुपयाच्या पै किती?”

धाकटा गप्प बसला. उत्तर कोपऱ्यातून आले. “एकशे ब्याण्णव, आबाजी.”

“लिही माय. बहात्तर वर, एकशे ब्याण्णव खाली.”

मुलीने लिहिले ७२/१९२. थोरल्याने आपला कागद पुढे सरकवला. मिस्त्रीने रेघा वाचून दाखवल्या आणि मुलीने शेजारी लिहिले ६/१६. मग वही मांडीवर घेऊन ती स्वाध्यायासारखीच सोडवू लागली. दोनने भाग : ३६/९६. पुन्हा दोनने : १८/४८. पुन्हा : ९/२४. आता दोनने जात नाही, तीनने जाते : ३/८. पुढे तीन आणि आठ यांना एकाशिवाय दोघांनाही भागणारा आकडा नाही. थांबली. दुसऱ्या अपूर्णांकाला दोनने एकदाच भागले. तेही ३/८.

तिने दोन्ही उत्तरांखाली रेघ मारली आणि वही वडिलांपुढे केली. तिच्या दृष्टीने गणित सुटले होते. बाबा इतका वेळ त्या दोन ओळींकडे का पाहत राहिले, हे तिला कळेना.

“वहीत काहीही लिहिता येते,” धाकटा अखेर म्हणाला. तीन पिढ्यांची गोष्ट वहीच्या एका पानावर कशी मिटणार? त्याच्याकडून तेवढ्यावर मान्य करून घेणे अन्याय झाला असता, आणि मिस्त्रीलाही तसे वाटले असावे. तो उठला. त्याने कोपऱ्यातली सागाची पातळ पट्टी ओढली आणि तिचे दोन तुकडे केले, एक चोवीस इंचांचा, दुसरा नऊ इंचांचा.

“इंचाचे सूत किती?”

“आठ,” धाकटा म्हणाला. सुताराच्या पोराला हे विचारावे लागत नाही.

“मंग चोवीस इंच म्हणजे एकशे ब्याण्णव सूत. नऊ इंच म्हणजे बहात्तर सूत. हा तुह्या आज्याचा रुपया, हा त्यातला तुह्या आज्याचा वाटा. आता पाह्य.”

त्याने लहान पट्टी मोठीवर ठेवून खूण केली. पुन्हा ठेवली, पुन्हा खूण केली. दोनदा मावली आणि मागे सहा इंच राहिले. ते सहा इंच त्याने कापून घेतले आणि नऊ इंचांच्या पट्टीवर ठेवले. एकदा मावले, तीन इंच राहिले. ते तीन इंच कापून सहावर ठेवले. बरोबर दोनदा. काहीच उरले नाही. मग तो तीन इंचांचा तुकडा त्याने धाकट्याच्या हातात दिला. “हा दोघांतही पुरा पुरा बसणारा सर्वांत मोठा तुकडा. आता तूच मोज. रुपयात किती वेळा, वाट्यात किती वेळा.”

धाकट्याने मोजले. चोवीसात आठ वेळा, नऊत तीन वेळा. मग कोणी न सांगता त्याने सोळा आणि सहा इंचांच्या पट्ट्या कापल्या. सोळातून सहा दोनदा, उरले चार. सहातून चार, उरले दोन. चारात दोन दोनदा. या वेळी तुकडा दोन इंचांचा निघाला, आणि तोही मोठ्या पट्टीत आठ वेळा, लहानीत तीन वेळा बसला.

मिस्त्रीला ठाऊक नव्हते, पण उरलेल्याने मोजत जाण्याची ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ती आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात संख्यांसाठी मांडली. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातल्या कुट्टक नावाच्या रीतीच्या पोटातही हाच परस्परभागाकार आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, त्यांच्या गणितात दोन संख्यांना सामाईक विभाजकाने भागून लहान करण्याला अपवर्तन हे नाव आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला, आणि त्याचा १२०७ चा शिलालेख तिथे सापडला आहे. शाळेत आपण याला मसावि काढणे म्हणतो आणि दोन गुणांसाठी करून मोकळे होतो. मला ही रीत गणितातल्या अत्यंत न्यायी रीतींपैकी एक वाटते. एकाच किमतीचे अपूर्णांक कितीही लिहिता येतात, ६/१६, ९/२४, ३६/९६, ७२/१९२, पण त्यांचे अतिसंक्षिप्त रूप एकच असते. म्हणून दोन माणसे वेगवेगळे आकडे बोलत असली तरी वाटा तोच आहे की निराळा, हे तिथपर्यंत गेल्यावर लपत नाही. मुलीने शंभरातले बहात्तरही करून पाहिले. ते १८/२५ वर थांबले. ती वाट ३/८ कडे जातच नव्हती.

धाकट्याने हातातला तुकडा खाली ठेवला. “म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षं जे बोलत आलो...”

“कागद खोटा नव्हता, बापू,” मिस्त्री म्हणाला. “अर्धाच उरला होता.”

थोरल्याचा चेहरा मोकळा झाला. बापाच्या आणि आज्याच्या नावावर चिकटलेला डाग निघाला होता. त्याला ते किती हवे होते, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. त्याने खिशातून आधीच करून आणलेला हिशेब काढला.

“मंग आता हे घे. आठ लाख ऐंशीचे तीन अष्टमांश, तीन लाख तीस हजार. जागेचा टॅक्स मी भरत आलो, छपरीवरचे पत्रे मी बदलले, त्याचे ऐंशी हजार. पावत्या आहेत. ते वजा. तुह्या हाती अडीच लाख.”

पावत्या खऱ्या होत्या. खर्च झालेलाच होता. धाकट्याचे मन अजून बहात्तरातून बाहेर पडले नव्हते, त्यामुळे त्याने मान हलवली. तो सहीसाठी पेन शोधू लागला.

मुलगी मात्र त्या कागदावर वाकली. तिला नवे गणित मिळाले होते. “मोठे बाबा, ऐंशी हजार तुमचे तुम्हाला परत मिळाले ना? मग दोघांत वाटायला राहिले आठ लाख.”

“हो.”

“त्यातले बाबांना अडीच लाख.” तिने लिहिले २,५०,०००/८,००,०००. चार-चार शून्ये उडवली : २५/८०. पाचने भाग : ५/१६. ती थांबली, पुन्हा तपासले. पाच आणि सोळा यांना सामाईक काहीच नाही. “हे तीन अष्टमांश नाही होत. सोळातले पाच होतात.”

“पाच आणे,” मिस्त्री हळूच म्हणाला.

थोरला चिडला. “अवं पोट्टे, मी काय खाल्लं का त्यातलं? माह्या खिशातून भरले, ते वळते करून घेतले.”

“घ्या ना. पण सगळे बाबांच्याच वाट्यातून काऊन?” तिच्या विचारण्यात भांडण नव्हते. “पत्रे तर सगळ्या छपरीवर टाकले. खर्चाचे पण तीन अष्टमांशच बाबांचे, तीस हजार. तीन लाख तीस हजारातून तीस हजार गेले तर तीन लाख राहतात. तीन लाख भागिले आठ लाख, बरोबर तीन अष्टमांश. सर सांगतात, वरच्याला ज्याने भागलं त्यानेच खालच्याला भागायचं. एकाचंच कमी केलं तर तो अपूर्णांकच बदलतो.”

छपरीत कोणी बोलेना. पन्नास हजारांचा फरक होता, आठ लाखांतला नेमका एक आणा. धाकट्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सहासष्ट भाग लुबाडले गेल्याची हाकाटी केली होती, आणि ती खोटी होती. खरा जाणारा एक आणा त्या आरड्याओरड्याखाली कोणालाच दिसला नव्हता, घेणाऱ्यालाही नाही. मोठ्या आरोपाने हेच होते. तो खोडून काढला की माणसाला वाटते, आपण सगळ्यातूनच सुटलो. थोरला मनाने वाईट नव्हता. बहात्तर नाकारता नाकारता आपली सहाची बाजू त्याने इतकी सांभाळली की हातातून पाच दिले जात आहेत, हे तपासायची त्याला गरजच वाटली नाही.

त्याने मुलीच्या हातातून पेन्सिल घेतली. तिच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही, ते बरेच केले. अशा गोष्टी आपल्या हाताने कराव्यात. ऐंशी हजार त्याने सर्वांत वर लिहिले आणि आठ लाख ऐंशीतून वजा केले. आठ लाखांना आठाने भागले, एक लाख. त्याचे तीन धाकट्याला, पाच स्वतःला. मग स्वतःच्या वाट्याखालीही रेघ मारून पाहिली : पाच लाख भागिले आठ लाख, ५/८. दहा आणे. आज्याने घातले तेवढेच. आधीच्या हिशेबात त्याच्याकडे अकरा येत होते.

अडीच लाखांचा कागद त्याने फाडला नाही. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली नवा आकडा लिहून सही केली.

धाकट्याने सही केली नाही. त्याला काहीतरी बोलायचे होते आणि कुठून सुरू करावे ते सुचत नव्हते. “दादा,” तो म्हणाला, “आमच्या घरात तुमच्या बापाबद्दल जे बोललो आम्ही...”

“ते नंतर,” थोरला म्हणाला. त्याची नजर वहीवरच होती. “पोरी, एक वर्षाचं भाडं किती, त्यातून खर्च किती गेला, तुह्या बापाला किती दिलं, एवढं सांगितलं तर तुले हे असंच काढता येईल?”

“येईल. तीन आकडे लागतात.”

“पुढच्या खोलीच्या भाड्याच्या वह्या घरी वरच्या फळीवर आहेत. डागडुजीचा खर्च मी बापूच्याच वाट्यातून काढत आलो. मले वाटे, तसंच असते.”

“किती वर्षांच्या आहेत, मोठे बाबा?”

“माह्या हातच्या सगळ्या. त्याच्या आधीच्या माह्या बापाच्या हातच्या आहेत, त्या पण काढ.”

धाकटा उठला आणि वह्या काढायला थोरल्याच्या मागोमाग त्याच्या घरात गेला.